दंडोबांची कंबर

मुलींच्या सॉफ्टबॉल संघाच्या प्रशिक्षकांना सगळं मैदान पाठीमागे 'दंडोबा' म्हणायचं. दंड खरोखर बघण्यासारखे होते आणि लोकांनी ते बघावेत म्हणून दंडोबा कडाक्याच्या थंडीतही बाह्या दुमडून हिंडत. बॅटचा वेग दंडातून येतो, हा त्यांचा सिद्धांत. एखादीची कंबर हलली की यांचं डोकं फिरायचं. "नाचायला आलीस का? पाय रोव, कंबर आवळ, हातानं मार." चेंडू जेमतेम पिचरपर्यंत घरंगळत जायचा. मग मुली जोर लावत नाहीत म्हणून त्यांना जोर मारायला लावायचे.

संघात त्यांची सख्खी पुतणी होती. एका संध्याकाळी तिची कंबर खांद्यांच्या आधी वळली आणि चेंडू कुंपणापलीकडे गेला.

"नशीब," दंडोबा म्हणाले.

"काका, मागची टाच वळवली ना, तर..."

"मैदानावर मी कुणाचा काका नाही. आण ती बॅट."

त्यांनी पाय रोवले, कंबर आवळली आणि होता नव्हता तेवढा जीव दंडांत आणला. हात गेले, खांदे गेले, कंबर राहिली. मग कुठेतरी कट्‌ असा आवाज झाला. चेंडू मागे कॅचरच्या हातात होता आणि दंडोबा होते तसेच वाकडे उभे होते. मुलींनी त्यांना बाकावर आडवं घालून, कपाट हलवावं तसं बाहेर नेलं.

घरी काकू शेक देताना म्हणाल्या, "डॉक्टर म्हणालेत, कंबर अजिबात हलवायची नाही. तुम्हाला काय, सवयच आहे."

इकडे सराव पुतणीच्या हाती आला. पुढचा पाय टेकवून घट्ट धरायचा, मागची टाच उचलून गुडघा आत वळवायचा. आधी कंबर, मग खांदे, हात अंगाशी, बॅट सगळ्यांत शेवटी. "ओला टॉवेल झटकतो ना, तसं," ती सांगायची. "हात पुढे जाऊन थांबतो, म्हणून टोक सटकन जातं." मुलींचे फटके लांब जाऊ लागले.

अंतिम सामन्याला दंडोबा कमरेला पट्टा बांधून खुर्चीत बसले. मुली हरतील आणि आपली किंमत सगळ्यांना कळेल, या आशेनं त्यांना जरा हुशारी वाटत होती. दुसऱ्याच डावात ती ओसरली. चेंडू डोक्यावरून जात राहिले आणि ते कमरेचा पट्टा आवळत राहिले.

संघ जिंकला. क्लबच्या अध्यक्षांनी गुपित विचारलं. दंडोबा खुर्चीचा आधार घेत उठले.

"मी पहिल्यापासून एकच सांगत आलोय. कंबर."

पुतणी बुटाच्या नाडीकडे बघत बसली. काकू म्हणाल्या, "खरंय. महिनाभर घरात दुसरा शब्द नव्हता."

अध्यक्ष भारावले. हल्ली दंडोबा गावोगाव प्रशिक्षकांना कमरेवर व्याख्यानं देतात, बाह्या दुमडूनच. ते दौऱ्यावर असले की सराव उत्तम होतो, म्हणून निमंत्रणं मिळवून द्यायचं काम मुलींनीच अंगावर घेतलं आहे.