पहिल्या रांगेतले साडू

परदेशातला एखादा रॉक बँड भारतात आला, वाजला, गाजला आणि परत गेला, आणि त्या गर्दीत अगदी पुढच्या कठड्याला पोट लावून आमचे साडू उभे नव्हते, असं आजवर झालेलं नाही. निदान त्यांचं तरी तसं म्हणणं आहे. त्यांच्या म्हणण्यावर शंका घ्यायचीही सोय नाही, कारण शंका घेतली की ते पुरावा म्हणून तो अख्खा कार्यक्रम पहिल्या गाण्यापासून तोंडाने वाजवून दाखवतात. ढोल, गिटार, गाणाऱ्याची किंकाळी आणि प्रेक्षकांचा गलका, सगळं एकट्याने. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, एवढ्या एका कारणासाठी हा पुरावा मला आयुष्यात अनेकदा सोसावा लागला आहे. दोन्ही जावई पारखून घेतले, असं आमचे सासरे चारचौघांत अभिमानाने सांगत. एक जळगावच्या बँकेतला, शांत, म्हणजे मी. दुसरा धरणगावचा, शेतकी शिकलेला, स्वतःचं कृषी केंद्र असलेला, निर्व्यसनी. व्यसन कानाचंही असू शकतं, हे त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याला कुठून सुचणार!

हे व्यसन लागलं धुळ्याला. साडू तिथे शेतकी कॉलेजात होते आणि वसतिगृहाच्या खोलीत त्यांच्या वाट्याला ईशान्येकडचा एक मुलगा आला होता. त्याला मराठी येत नव्हती, साडूंना तेव्हा हिंदीसुद्धा बेताचीच. बोलणार काय? तो मुलगा संध्याकाळी कॅसेट लावायचा आणि दोघं दोन खाटांवर बसून माना हलवायचे. शिक्षण संपवून जाताना त्याने आपली सगळ्यात लाडकी कॅसेट साडूंना देऊन टाकली. "त्या दिवशी माझं दुसरं बारसं झालं," असं साडू म्हणतात. मी त्याला लागण म्हणतो. त्या काळी त्यांना मानेपर्यंत केस होते, आणि गाण्याच्या तालावर ते केस झटकायचे म्हणे. पुढे लग्नानंतर चार-सहा वर्षांत केस गेले, झटका मात्र राहिला. केसांशिवाय नुसतं डोकं त्या वेगाने वरखाली होताना पाहिलं की पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो. एकदा पारोळ्याला एका जेवणावळीत पंगतीत बसल्या बसल्या त्यांना कुठलंसं गाणं आठवलं, तर शेजारचे नाना घास टाकून त्यांच्या मानेला तेल लावायला धावले होते.

खानदेशात मे महिन्यात कावळासुद्धा सावली सोडत नाही, आणि आमचे साडू काळ्या टी-शर्टात दुकानात बसतात. टी-शर्टावर कवटी असते. कधी तिच्या डोळ्यातून साप निघालेला, कधी टाळूला आग लागलेली. दुसऱ्या कुठल्या दुकानात हे खपून गेलं असतं. पण कृषी केंद्रात कवटीला अर्थ असतो. साडूंच्या पाठीमागच्या फळ्यांवरच्या निम्म्या डब्यांवर तीच कवटी, खाली दोन हाडं आणि 'विष' असं छापलेलं. त्यामुळे हे टी-शर्ट औषधाच्या कंपन्या फुकट वाटतात आणि भाऊ इमानेइतबारे त्यांची जाहिरात करतात, अशी तालुक्यातल्या शेतकऱ्यांची पक्की समजूत होती. एकदा मी दुकानात बसलो असताना एक आबा आले, बराच वेळ साडूंच्या छातीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "भाऊ, हाई नवं औषध कोनतं शे? बोंडअयीवर चालस का?"

"आबा, हे औषध नाही. हा बँड आहे. परदेशातला," साडू म्हणाले, आणि नीट कळावं म्हणून पाठ वळवून त्यांनी बँड कुठल्या कुठल्या शहरांत वाजला त्याची मागे छापलेली यादी दाखवली. आबांनी त्या यादीवरून बोट फिरवलं.

"इतला बठ्ठा गावस्मा भेटस, मंग धरणगावले काबर नही?"

एवढ्या सगळ्या गावांत मिळतं तर धरणगावलाच का नाही, यावर साडूंनी त्यांना अर्धा तास समजावलं. आबा मान डोलवत उठले आणि थेट समोरच्या दुकानात जाऊन त्यांनी भाऊंच्या बनियनवरचं औषध मागितलं. त्या दुकानदाराने आधी आत जाऊन पाहिल्यासारखं केलं, मग कालच संपलं म्हणून सांगितलं, आणि त्यापेक्षा भारी आहे असं म्हणून दुसरंच काहीतरी त्यांच्या गळ्यात मारलं. धंदा कसा करावा हे आमच्या साडूंना कधीच कळलं नाही.

कार्यक्रम आठवड्यावर आला की साडू बसणं सोडतात. पहिल्या रांगेत दिवसभर उभं राहायचं तर पायांना सवय हवी, म्हणून दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभेच. मालक उभा आहे म्हणजे आता कुलूप लावणार, असं समजून गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं. पाणी पिणं कमी करतात, कारण मध्येच जावं लागलं तर जागा जाते. निघताना बरोबर डबा असतो. वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. जणू तिकडे गिटारवाला यांच्या पानाची वाट बघत बसलाय. डबा आत नेऊ देत नाहीत हे यांना दर वेळी दारावर नव्याने कळतं. मग रखवालदार झाकण उघडून भरीत हुंगतात, हिरवी मिरची आणि लसूण नाकात जाऊन शिंकतात, आणि साडू तिथेच मांडी घालून सगळ्यांना आग्रहाने वाढतात. पुण्यात एकदा तर त्यांनी कमालच केली. दुपारीच पोहोचून कठड्याची मोक्याची जागा धरली, तिथे आपला रुमाल बांधला आणि निवांत तोंड धुवायला गेले. परत येऊन पाहतात तर एक सहा फुटी दाढीवाला तिथे उभा. साडूंनी त्याच्या खांद्यावर थाप मारून सांगितलं, "रुमाल टाकलाय मी." एसटीच्या खिडकीतून आत रुमाल पडला की जागा आपली, हा आमच्याकडचा कायदा साऱ्या जगाला मान्य असणार अशी त्यांची खात्री. दाढीवाल्याने तो रुमाल सोडला, घाम पुसला आणि कुणीतरी ठेवून गेलं वाटतं म्हणून खिशात घातला. साडू आजही त्या माणसाला माफ करायला तयार नाहीत.

बरं, हे वेड स्वतःपुरतं ठेवतील तर साडू कसले! पुतण्याच्या लग्नात वरातीसमोर आपलं एक गाणं वाजलंच पाहिजे म्हणून ते अडून बसले. डीजेवाल्याने लावलं. गिटार सुरू झाली मात्र, तो बिचारा गाडीवरून उडी मारून तारा ओढायला लागला. "भोंगा फाटना वाटस, भाऊ!" नवरदेवाचं घोडं शांत होतं, पण वऱ्हाड बिथरलं. वरच्या गल्लीतले आबा, खालच्या गल्लीतल्या अक्का, सगळ्यांनी कानांवर हात ठेवले आणि हा काय वात्रटपणा म्हणून साडूंना फैलावर घेतलं. लगेच डीजेवाल्याने आपलं नेहमीचं सुरू केलं, ज्याने घरांवरचे पत्रे थरथरले आणि एका दुकानाची काच तडकली. त्यावर आबा आणि अक्का दोघंही नाचले.

या सगळ्यात माझ्या मेव्हणीचं काय, असं मला लोक विचारतात. ती बोलते, आणि चांगली तोंडभर बोलते. लग्न होऊन आली त्या दिवसापासून भिंतीपलीकडे हा आरडाओरडा आणि अलीकडे तिचा स्वयंपाक. "हाई काय वाजाडी ऱ्हायनात? कोनी म्हैस अडकनी का?" असं ती ओट्यापाशी उभी राहून ओरडायची, आणि साडू आवाज आणखी वाढवून उत्तर द्यायचे. कापसाच्या जिनिंगमधलं मशीन बिघडलं तरी याच्यापेक्षा सुरात वाजतं, हे तिचं मत तिने माझ्यासमोर, विहीणबाईंसमोर आणि एकदा भर सत्यनारायणात भटजींसमोर मांडलेलं आहे. त्यांच्याबरोबर एखाद्या कार्यक्रमाला जाऊन तर ये, असं माझ्या बायकोने सुचवलं तेव्हा ती म्हणाली होती, "घरात फुकट छळ होतोय तेवढा पुरे."

मग साडूंच्या शेजारी फोन वाजत राहायला लागला आणि ते समोरच्या रस्त्याकडे पाहत बसायला लागले. गिऱ्हाईक हाका मारून थकायचं आणि आत येऊन खांद्याला हात लावायचं तेव्हा ते दचकायचे. मेव्हणीने त्यांना धरून जळगावला आणलं. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "कारखान्यात होता का? मोठ्या मशीनवर?" साडूंनी छाती फुगवून खरं ते सांगितलं. डॉक्टरांना हसू आलं नाही. डावा कान गेल्यात जमा होता. उजव्यात जे थोडं उरलं होतं ते टिकवायचं असेल, तर मोठा आवाज कायमचा बंद.

त्या दिवशी ते आमच्या घरी येऊन बसले. धुळ्याच्या त्या कॅसेटवरचा बँड इतक्या वर्षांत एकदाही भारतात आला नव्हता. आता येत होता, मुंबईला. गाणारा सत्तरी ओलांडलेला, यानंतर फिरणं बंद असं त्यांनीच जाहीर केलेलं. साडूंनी तिकीट कधीच काढून ठेवलं होतं. "साडूभाऊ," ते मला म्हणाले, "बाकीचे सगळे पाहिले ना, ते याची वाट बघता बघता पाहिले." एरवी यावर मी काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी मी उठून त्यांच्यासाठी चहा सांगून आलो.

तोड मेव्हणीने काढली. परत डॉक्टरांकडे गेली, वाद घातला, आणि कानात रबराची बोंडं आणि त्यावर जिनिंगमधले कामगार कानांवर लावतात तसल्या जाड टोप्या, अशा अटीवर परवानगी घेऊन आली. डॉक्टरांनी वर बजावलं होतं, पुढची रांग नाही, मागे उभं राहायचं, आणि हे शेवटचं. मी म्हटलं, "अगं, एवढं कोंबल्यावर त्यांना ऐकू काय येणार?"

"ऐकायला कोण चाललंय, भाऊजी? शेवटचं भेटायला जातो आपण माणसाला, तेव्हा काय ऐकायला जातो का?" ती म्हणाली. "मी जाते बरोबर. तुम्हीही चला. ते पुढे पळाले तर धरायला माणूस पाहिजे."

अशा रीतीने मी आयुष्यातल्या पहिल्या आणि देव करो शेवटच्या रॉक कार्यक्रमाला गेलो. मैदानात सगळी पोरंसोरं काळ्या कपड्यांत, हजारो रुपये मोजून आलेली आणि हातातल्या फोनमधून समोरचं बघत असलेली. त्यात आमची मेव्हणी, जांभळ्या साडीत, पर्स काखेत घट्ट धरून. तिने साडूंच्या कानांत बोंडं बसवली, वर टोप्या चढवल्या, ओढून पाहिल्या. ऊन उतरलं, दिवे लागले, पाच म्हातारे वर आले आणि मैदान फाटेल असा गोंधळ सुरू झाला. माझी छाती आतून हादरत होती. साडूंकडे पाहिलं, तर ते स्टेजकडे, मग माझ्याकडे, मग परत स्टेजकडे बघत होते. डोळे कावरेबावरे. ज्याच्यासाठी जन्मभर थांबले तो समोर उभा होता, त्याचं तोंड हलत होतं, आणि छातीवर नुसते धक्के बसत होते. त्यांनी माझा हात धरला आणि ओरडून विचारलं, "कोणतं चालू आहे?"

मला काय ठाऊक! मला ते सगळं एकच गाणं वाटत होतं.

मेव्हणी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने हाताने पातेल्याचा गोल काढला, बोटं वर वर उचलली आणि एकदम सगळीकडे फेकली. दूध उतू गेलं होतं, ते गाणं. साडूंचा चेहरा उजळला आणि त्यांचं ते टकलं डोकं नेमकं ढोलाबरोबर हलायला लागलं. पुढचं गाणं लागलं. दोन ठोके ऐकून तिने हातांची झोळी केली, पाळण्यासारखी हलवली. त्यांची मुलगी लहानपणी याच गाण्यावर झोपायची, दुसऱ्या कशावर नाही, हे तिने मला कानाशी ओरडून सांगितलं. तिसऱ्याला तिने फोडणीचा चटका बसल्यासारखा हात झटकला. साडू खदखदून हसले. चौथं हळू होतं. तिने जरा इकडेतिकडे पाहिलं आणि नव्या नवरीसारखा पदर डोक्यावरून पुढे ओढला. साडू हसायला गेले आणि त्यांना हसता आलं नाही.

"तुला सगळी पाठ?" मी तिच्या कानात ओरडलो.

"भिंतीपलीकडून का होईना, एवढी वर्षं कोण ऐकतंय मग?" ती वैतागून म्हणाली. "एकाचंही नाव माहीत नाही मला."

तो बेसूर गोंगाट मला शेवटपर्यंत आवडला नाही, पण त्या दोघांकडे बघताना स्टेजकडे पाहायचं मी विसरलो, हे मी कबूल करतो. शेवटच्या गाण्याला तिने काही हातवारे केले नाहीत. साडूंच्या मागे उभी राहिली आणि त्यांच्या पाठीवर बोटांनी ठेका धरला. साडूंनी डोळे मिटले. ढोल वाढत गेला तशी तिची बोटं जोरात पडत गेली, आणि त्यांची मान त्या बोटांबरोबर चालली.

मग गाणं संपलं. म्हाताऱ्यांनी वाकून नमस्कार केला, आत गेले, मैदानातले पांढरे दिवे लागले. पोरं फोन खिशात घालून आमच्या दोन्ही बाजूंनी बाहेर निघाली. साडूंचे डोळे मिटलेले होते आणि मान अजून हलत होती. त्यांना सांगावं म्हणून मी हात पुढे केला.

मेव्हणीने नुसती मान हलवून मला थांबवलं. तिची बोटं त्यांच्या पाठीवर चालूच होती.