सुलूकाकीचा श्रावण

आमच्या लालबागच्या चाळीत कोणाचा उपास मोडला, की ते प्रकरण देवाच्या आधी सुलूकाकीकडे जायचं. सोमवारी चुकून केक खाल्ला, त्यात अंडं असेल तर? स्टोव्हवरून मान न वळवता काकी विचारायची, "अंडा डोळ्यांनी बघलंस? नाय ना? मग चलता." माणूस हलका होऊन घरी जायचा.

काकी मालवणकडची, खानावळवाली. गिरण्यांचा संप झाला त्या वर्षी ऐन श्रावणात घरात भाजी नव्हती. गावाहून आलेला सुक्या जवळ्याचा डबा तेवढा होता. जेवायला आलेले गिरणीवाले ताटावर अवघडून बसले. काकीने निकाल दिला, "सुको जवळो म्हणजे समुद्रातली पालेभाजी. गुमान जेवा." सगळे जेवले. काकी स्वतः मात्र मीठभात खाऊन उठली. जगाला सूट आणि स्वतःला नाही, ही तिची खोड मला कधी उलगडली नाही.

पुढे काही वर्षांनी तिला स्तनाचा कॅन्सर झाला. परळच्या ज्या इस्पितळात मी एक्स-रे खात्यात होतो, तिथेच तिला शेक दिला. चाळीत रेडिएशनला शेकच म्हणत. गाठ गेली, पण शेकाने फुप्फुस भाजून निघालं. चार शब्द बोलली की धाप लागायची. जिचा आवाज तिसऱ्या मजल्यावरून ऐकून खालचा भाजीवाला भाव उतरवायचा, ती खुणेने बोलू लागली.

केळकर डॉक्टर तिच्यावर उपचार करत होते. ते म्हणाले, "फुप्फुसात बारीक फुगे असतात. त्यांना आतून साबणाच्या फेसासारखा पातळ लेप असतो, म्हणून ते मिटून चिकटत नाहीत. काकींचा तो लेप बिघडलाय. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तो श्वासनळीतून देतात. शेकानंतर मोठ्या माणसाला देणं म्हणजे प्रयोगच, पण थांबण्यात अर्थ नाही." मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "डुकराच्या फुप्फुसातून काढतात हो तो. सांगावं तर लागेलच. कसं सांगू?"

चाळीत बैठक बसली. एकाने सुचवलं, वराह अवतारापासून सुरुवात करा. शेवटी वॉर्डात डॉक्टरांनीच घाम पुसत सांगून टाकलं. काकीने शांतपणे ऐकून घेतलं.

"डुकराचा तर डुकराचा," ती म्हणाली. "पण श्रावण चालू आसा."

"काकी, ते पोटात जात नाही. श्वासनळी वेगळी असते."

"श्रावणात मी वास पण घेनंय नाय."

"महिनाभर थांबलात तर..."

काकीने दम घेतला. "माझो श्रावण तू मोडतलंस, तर तुझो मी मोडतलंय. बांगडो खा."

केळकर शिवाजी पार्कचे. त्यांच्या सात पिढ्यांत कोणी माशाला शिवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्या आईने तळलेला बांगडा मी डब्यातून वॉर्डात नेला. डॉक्टरांनी डोळे मिटून घास घेतला आणि पहिल्याच घासाला काटा घशात अडकला. सिस्टर त्यांच्या पाठीत धपाटे घालू लागल्या. काकी ऑक्सिजनचा मास्क वर सारून म्हणाली, "सुको भात गिळ, झिला. चावू नको." कुणाच्या तरी ताटातला भात आला, काटा गेला. "आता पाप दोघांत वाटला," असं म्हणत तिने संमतीच्या कागदावर सही केली.

गुण आला, अगदी आम्हालाही खरं वाटेना असा. गणपतीला काकी घरी आली, मध्ये मध्ये टेकत का होईना पण तिन्ही जिने चढली, आणि वर पोचताच माझ्या आईला मोदकांच्या कळ्यांवरून बोल बोल बोलली. ते ऐकून मला रडू आलं.

मार्गशीर्षात धाप परतली. फुप्फुस आतून निबर होत चाललं होतं. केळकर डॉक्टर स्वतः चाळीत आले आणि पुन्हा एकदा लेप देऊन पाहू म्हणाले. बोलत होते काकीशी, पण बघत होते जमिनीकडे. काकीने त्यांचा हात हातात घेतला.

"आज गुरवार, झिला. माका महालक्ष्मीचो उपास. उद्या ये."

डॉक्टरांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मीही पाहिलं. बुधवार होता.

"बरं काकी," ते म्हणाले. "उद्या येतो." दाराबाहेर चप्पल घालायला त्यांना बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले. काकी पहाटे गेली होती. गुरुवार होता.