खंडेनवमीला पुजलेले ठोकळे

लाकडी ठोकळ्यांनी इंग्रजी शिकवायचं, हे खूळ माझ्या डोक्यात सांगलीच्या एका शिबिरात शिरलं. तिथल्या बाई इंग्रजीत तांबडा ठोकळा मागायच्या आणि मूल तो उचलून द्यायचं. मध्ये मराठीचा एक शब्द नाही. मी भारावून कराडजवळच्या आमच्या गावी परतले आणि स्वतःच्या हाताने डोक्याला ताप लावून घेतला.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. सरकारी शाळेत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून. दुसरीच्या पोरांना शाळा सुटण्याआधी अर्धा तास शिकवायची तोंडी परवानगी मी कशीबशी मिळवली होती. दसऱ्याच्या सुमारास तालुक्याचे साहेब येणार, पोरांना काय येतं ते बघणार आणि वर्ग चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार होते. माझा सगळा जीव त्या अर्ध्या तासात अडकला होता.

ठोकळे गावच्या सुताराने करून दिले. रंग मात्र बेंदराला बैलांची शिंगं रंगवून उरलेला. पोरांनी तो बरोबर ओळखला आणि तिथेच घात झाला. "टेक द ग्रीन ब्लॉक" म्हटलं की हिरवा उचलायचा, तांबड्याशेजारी जुंपायचा आणि "हैक, हैक" करत वर्गभर नांगरट सुरू! बोलायची वेळ आली की सगळे पाढे म्हटल्यासारखे एका सुरात ओरडायचे. एकट्याला उभं केलं की चिडीचूप. कोपऱ्यात बसणारी एक फौजी शिपायाची लेक तर एका सुरातही ओरडायची नाही. नुसती टक लावून बघत बसायची. तिच्या त्या बघण्याने माझं डोकं आणखी फिरायचं.

एका पोराची आई दारात उभी राहून म्हणाली, "आवं बाई, लाकडंच खेळवायची हुती तर म्हशीमागं धाडला असता की. तितं लय लाकडं हायती." कप्पाळ माझं!

साहेबांनी यायला दिवस निवडला तो नेमका खंडेनवमीचा. मी सकाळी शाळेत पोचले तर हेडगुरुजींनी पूजा मांडलेली. पाटावर शाळेची घंटा, नकाशा, गुरुजींची छडी आणि मधोमध माझे ठोकळे. प्रत्येकावर हळदीकुंकू, वर झेंडूची माळ.

"गुरुजी, हे काय केलंत?"

"तुमचीही हत्यारंच की, बाई. ती कशी वगळायची?"

"अहो, आज साहेब येणार! द्या ते इकडे."

"पुजलेलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नसतं. पलटणीतसुद्धा आज बंदूक हलत नाही."

"आणि शत्रू आला तर?"

"नवमीला येत नाही," गुरुजी शांतपणे म्हणाले.

शत्रू अकराच्या एसटीने आला. पँट, बूट, काखेत फाइल. वर्गात पाऊल टाकल्यापासून साहेबांनी इंग्रजी सुरू केलं ते थांबायला तयार नाहीत. नाव विचारलं, गाव विचारलं, खिडकीकडे बोट दाखवून ते काय म्हणून विचारलं. पोरं माझ्याकडे बघत होती आणि मी छताकडे. संपला आपला वर्ग, हे मला तिथेच कळून चुकलं. गुरुजींचा इतका संताप आला होता की डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी होतं.

साहेबांनी फाइल मिटली. ते ठोकळे तरी कुठे आहेत, असं इंग्रजीतच विचारलं आणि पाट दिसताच बुटांसकट पुढे होऊन वाकले. हात थेट तांबड्या ठोकळ्याकडे.

"डोंट टच!"

कोपऱ्यातून आवाज आला. शिपायाची लेक ताडकन उभी राहिली होती. साहेबांचा हात तिथेच थांबला.

"नो टेक. टुमॉरो टेक," ती म्हणाली आणि त्यांच्या पायांकडे बोट करून ओरडली, "नो शूज!"

एक 'टेक' सोडलं तर यातलं एक अक्षरही मी ठोकळ्यांनी शिकवलं नव्हतं. नांगरट सुरू झाली की मी रोज इंग्रजीत जे खेकसायचे, कुणी पायताणासकट वर्गात शिरलं की जे ओरडायचे, ठोकळ्यांची पेटी बंद करताना जे सुनावायचे, ते सगळं तिने उचललं होतं. साहेब मुकाट्याने बाहेर जाऊन बूट काढून आले, पाटाला हात जोडले आणि वर्ग चालू ठेवा म्हणाले, तेही इंग्रजीतच. "देवी पावली, बाई," गुरुजी म्हणाले. देवी पावली! महिनोन् महिने घसा मी फोडला होता.

साहेब प्रसाद घेऊन गेल्यावर मी त्या पोरीला गाठलं. "अगं, इतके दिवस मूग गिळून बसलीस. मी एवढी जीव तोडून विचारायचे, तेव्हा एक शब्द बोलली नाहीस. आज कुठून वाचा फुटली?"

माझंच काहीतरी चुकत असल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं.

"आवं बाई, तुमास्नी मराठी येतंय की. त्या सायबाला कुटं येत हुतं?"