चौथी धाव

मैदानावर सगळे त्या धावण्याच्या प्रशिक्षकांना 'शतांश' म्हणत आणि तेही खुशाल ओ देत. बायकोने "दोन मिनिटांत चहा देते" म्हटलं की हे घड्याळ लावून बसणार. अशा माणसाशी संसार करणं म्हणजे खायचं काम नव्हे. धावपटू वेग कसा पकडतात ते मोजण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. दहा, वीस आणि तीस मीटरवर खांबांच्या जोड्या. मधून कोणी गेलं की किरण तुटतो आणि यंत्रात वेळ उमटते. दर सोमवारी सकाळी तीन धावा, चौथी कधीच नाही. दमलेल्या पायाचा आकडा खोटा असतो, वर स्नायू फाटला तर हंगाम पाण्यात, असं ते नव्या प्रशिक्षकांना दटावून सांगत.

महिन्यापूर्वी त्यांच्या धाकट्या मुलीच्या दुसऱ्या धावेत प्रत्येक खांबावर दोन-दोन आकडे उमटले. पुढे आलेल्या हाताने किरण तुटला असेल, म्हणून त्यांनी खांब उंच केले. तिसऱ्या धावेतही दोनच. दुसरा आकडा पहिल्या दहा मीटरला रेंगाळलेला, आणि विसाव्या मीटरला धाकटीच्या पुढे. असा वेग पकडणारी एकच मुलगी त्यांनी मोजली होती, त्यांची थोरली. तीन वर्षांपूर्वी सहा दिवसांच्या तापात ती गेली. जुनी वही काढली, तर आकडे शतांशापर्यंत जुळले. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आनंदच जास्त झाला.

पुढच्या सोमवारी तिन्ही धावांत थोरली आली नाही. त्यांनी घसा खाकरून धाकटीला विचारलं, "आणखी एकदा पळतेस?"

चौथीत ती आली. मग दर सोमवारी चार धावा सुरू झाल्या. धाकटीची मांडी दुखायला लागली, आई रोज बर्फ लावू लागली, आणि यांनी तिकडे सरळ डोळेझाक केली. शनिवारी धाकटीची निवड चाचणी होती.

चाचणीच्या आधीच्या सोमवारी तिसरी धाव संपवून धाकटी लंगडतच परत आली.

"चौथी ना, बाबा?"

"एकदाच. यंत्राची जरा खात्री करतो."

"यंत्राला काही झालेलं नाही," ती मांडी दाबत म्हणाली. "ताईची पावलं मलाही ऐकू येतात. वीस मीटरला ती अगदी शेजारून जाते. तिला भेटायला मला पळवताय ना? माझा आकडा शेवटचा कधी लिहिलात?"

त्यांनी वही उघडली. महिनाभरात धाकटीचा एकही आकडा त्यात नव्हता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिला बाकावर बसवून त्यांनी स्वतःच्या हाताने तिचे बूट काढले, यंत्राची वायर उपटली आणि रिकाम्या धावपट्टीवर जाऊन उभे राहिले.

"आता पुरे, बाळा," ते म्हणाले. "तिचा पाय जाईल गं." त्यांना रडू फुटलं.

मागून पावलं आली. भरधाव आली, त्यांना ओलांडून पुढे गेली, आणि धाव संपल्यावर मंदावतात तशी मंदावत थांबली. पट्टीवर कोणीही नव्हतं.

"थांबली ताई," धाकटी बाकावरून हळूच म्हणाली. "आता माझ्याकडे या ना, बाबा."