गळती आढळली नाही

गळक्या नळाखाली बादली ठेवून माणूस विसरून जातो आणि सकाळी उठून बघतो तर न्हाणीघर भरलेलं. किस्स्यांचं तसंच असतं. ते कोणी जमवत नाही, साचतात. गेल्या वर्षी माझ्या गाडीतून कूलंट गळायला लागलं आणि बघता बघता ठाण्यातल्या आमच्या बाळकुमच्या सोसायटीत माझ्यावरचे इतके किस्से साचले, की इतरांनी रंगवून सांगण्याआधी आपणच सांगून मोकळं व्हावं म्हणतो.

आधी माझी पात्रता. एका महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात मी एकतीस वर्षं कारकून होतो. टेबल गळतीच्या तक्रारींचं. तक्रार आली की लाल पेनाने शेरा मारायचा : ‘पाहणी केली असता गळती आढळली नाही.’ या पाहणीसाठी खुर्चीतून उठावं लागत नसे.

एकदा एक गृहस्थ गुडघ्यापर्यंत भिजलेल्या पँटने थेट काउंटरवर आले. मी म्हटलं, तोंडी तक्रार चालत नाही, लेखी द्या. ते लिहीत होते तेवढ्यात त्यांच्या पँटचं पाणी फरशीवर साचलं. त्यावरून आमचा शिपाई चहासकट घसरला आणि चहा अर्जावर सांडला. मी अर्ज पंख्याखाली वाळवला आणि शेरा मारला. आढळली नाही.

* * *

गाडी चौदा वर्षांची. इंजिनाला थंड ठेवणारं ते हिरवं पाणी, म्हणजे कूलंट, दर आठवड्याला कमी व्हायचं, आणि खाली जमिनीवर मात्र थेंब नाही. दोनदा घोडबंदर रोडवर गाडी तापून उभी राहिली. पुण्याहून मुलाने फोनवर सांगितलं, बाबा, विकून टाका, टॅक्सी बोलवत जा.

मी माझ्या बायकोकडे, सुमतीकडे बघितलं. ती म्हणाली, “चतुर्थीला टिटवाळ्याला जायचंय. न थांबता गेलो आणि न थांबता आलो, तर गाडी राहील. मध्ये थांबली, तर विकायची.”

गाडी तिच्या नावावर आहे, त्यामुळे अपिलाची सोय नव्हती. हातात तीन आठवडे होते. निवृत्तीनंतर माझ्या सांगण्यावरून वळेल अशी ही एकच गोष्ट उरली होती, ती मला घालवायची नव्हती.

* * *

पहिल्या आठवड्यात मी जातीने लक्ष घातलं. टाकीत काठोकाठ कूलंट भरलं आणि रोज सकाळी बॉनेट उघडून पातळी बघायला लागलो. सात दिवस पातळी तसूभर हलली नाही! गळती आपोआप बंद झाल्याचं मी पार्किंगमध्ये जाहीरही केलं.

आठव्या दिवशी काच धुवायला वायपरचं बटण दाबलं. हिरवी चिळकांडी उडाली ती काच ओलांडून थेट आमच्या वॉचमनच्या, तिवारीच्या शर्टावर. मी आठवडाभर वायपरच्या पाण्याच्या टाकीची पाहणी करत होतो. कूलंटच्या टाकीचा तळ दिसत होता.

तिवारी शर्ट झटकत म्हणाला, “साहब, होली तो अभी दूर है.”

* * *

मग दुसऱ्या मजल्यावरचे खानोलकर सर मदतीला आले. सरांनी तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं आहे. त्यांची पद्धत सोपी होती. गाडीखाली रात्रभर वर्तमानपत्र पसरायचं. डाग जिथे पडेल, त्याच्या बरोबर वर दोष.

पहिले तीन दिवस सकाळी वर्तमानपत्रच जागेवर नसायचं. तिवारी ते उचलून, नीट घडी घालून माझ्या दाराला अडकवत होता. त्याला समजावलं. पाचव्या दिवशी डाग सापडला, चांगला तळहाताएवढा. सर गुडघ्यांवर बसले, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाशी नेला.

“ग्लायकॉल, म्हणजे कूलंटच,” ते म्हणाले. “शंकाच नको.”

इंजिन पुढे असताना डाग मागच्या चाकाशी कसा, हे मी भीत भीत विचारलं. सर म्हणाले, “उतार.”

तिवारी बराच वेळ बाजूला उभा होता. शेवटी त्याला राहवलं नाही. “सर, वो मोती का है. रोज वहीं करता है.”

मोती म्हणजे सोसायटीचा कुत्रा. तेव्हापासून माझी गाडी दिसली की सर रुमाल काढतात.

* * *

दुसरा आठवडा संपत आला, तेव्हा गाडी कोलशेतला म्हात्रेच्या गॅरेजमध्ये नेली. पोरगा हुशार. त्याने गाडीला लॅपटॉप लावला, रेडिएटरला पंप लावून दाब दिला, खाली झोपून टॉर्च मारला. दाब हळूहळू उतरत होता, पण थेंब कुठेच दिसेना. तासाभराने तो हात पुसत बाहेर आला आणि त्याने जॉबकार्डवर एक ओळ लिहून कार्ड माझ्या हातात दिलं.

‘चेक केले. लीकेज नाही.’

माझे डोळे भरून आले. हा पोरगा आमच्या खात्यात असता, तर फार वर गेला असता.

* * *

या सगळ्या काळात सुमतीचं एक वेगळंच चाललं होतं. गाडीतून उतरली की म्हणायची, पाय ओले होतात. मी म्हणायचो, एसीचं पाणी असेल. ती म्हणाली, चिकट लागतं. मी म्हटलं, रस्त्यावरची धूळ. ती म्हणाली, पाकासारखा गोड वास येतो. मी म्हटलं, तुला साखर वर्ज्य केल्यापासून सगळीकडेच येतो.

शेवटी एका संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “अहो, मी काय सांगतेय ते ऐकता का?”

“तोंडी तक्रार चालत नाही,” मी म्हटलं. “लेखी दे.”

ती आत निघून गेली. थोड्या वेळाने विम्याचा फॉर्म, सोसायटीची नोटीस असे चार कागद तिने माझ्यापुढे ठेवले. मॅच रंगात आली होती. मी सगळे कागद न बघता निकालात काढले. हाताची सवय जात नाही आणि पेनही अजून खिशाला असतं.

* * *

चतुर्थी आली. टाकी भरली, या वेळी योग्य ती, आणि निघालो. भिवंडी गेलं, कल्याण गेलं. मी शीळ घालायला लागलो. शहाडचा पूल उतरलो आणि तापमानाचा काटा वर सरकायला लागला. काचेवर आतून धुकं धरलं. पुढचं दिसेना. गाडी बाजूला घ्यावीच लागली. सुमतीची अट ठरलेली होती : मध्ये थांबली, तर विकायची.

समोर एक छोटं गॅरेज होतं. तिथला म्हातारा मेकॅनिक आला, त्याला सगळे दादूस म्हणत होते. मी तीन आठवड्यांचा अहवाल द्यायला सुरुवात केली. दादूसने तो ऐकला नाही. बॉनेटकडेही बघितलं नाही. सरळ सुमतीच्या बाजूचं दार उघडलं आणि विचारलं, “ताई, पाय वलं होतान का?”

सुमतीने फक्त माझ्याकडे बघितलं.

दादूसने तिच्या पायाखालचं मॅट उचललं. खाली हिरवं तळं. “हीटर फुटलाय आतला. सगला कूलंट ताईंच्या पायाशी उतरतंय. ठान्यान हीटर कोन लावतंय? बंद करून टाकू.”

इंजिन निवल्यावर त्याने हीटरकडे जाणारे दोन पाइप परस्पर एकमेकांना जोडले. आतलं बघायला डॅशबोर्डचा खण काढला. खणातून कंगवा निघाला, विम्याची पॉलिसी निघाली आणि एक घडी घातलेला कागद निघाला. दादूसने तो उजेडात धरला आणि एकेक शब्द लावत मोठ्याने वाचला.

“माननीय महोदय, गेले दोन महिने आपल्या गाडीत माझ्या पायाशी चिकट पाणी गळत आहे. त्यास पाकासारखा वास येतो. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती. आपली नम्र, सुमती मोकाशी. पत्ता : डावी सीट.”

त्याने कागद जरा जवळ घेतला. “खाली लाल पेनानं लिवलंय. पाहणी केली असता गळती आढळली नाही.” मग सही लावायचा प्रयत्न केला, ती लागली नाही, म्हणून मलाच विचारलं, “यो सायेब कोन?”

सुमतीने त्याच्या हातातून कागद घेतला, माझ्या खिशातलं लाल पेन काढलं आणि कागद पर्सवर ठेवून माझ्या शेऱ्याखाली आपला शेरा लिहिला.

‘गाडी ठेवावी. कारकून बदलावा.’