थांबलेल्या पाण्याची खूण

दिवाळी पाडवा. पाण्याच्या पाळ्या ठरवणारा प्रोग्रॅम कार्यालयातल्या जुन्या संगणकावरून भाड्याच्या क्लाउडवर हलवण्याचा ठराव आमच्या पाणीवाटप मंडळाने केला. जबाबदार: अध्यक्ष, आणि ठराव न वाचता हात वर करणारे आम्ही सर्व सभासद.

चंपाषष्ठी. त्या क्लाउडवर प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहायचा, हे ठरले. जबाबदार: माझी सून.

संक्रांतीनंतरची पाळी. शेवटच्या शेताला सलग दुसऱ्यांदा पाणी मिळाले नाही. जबाबदार कोण, हे अध्यक्षांनी कार्यालयाच्या फलकावर खडूने लिहून टाकले आहे: ‘अपरिचित भाषा निवडल्यामुळे पाळी चुकली.’

मी धुळ्याच्या न्यायालयात शिरस्तेदार होतो. यादीत घरचे नाव आले म्हणून यादी बदलायची नसते, हे मला तिथे शिकवावे लागले नाही. परंतु पुरावा न घेता निकाल फलकावर लावणे मी तिथेही पाहिले नव्हते.

आमचे गाव पांझरेच्या काठी. बंधाऱ्याचे पाणी एका पाळीत सगळ्या शेतांना पुरतेच असे नाही. म्हणून मागच्या पाळीत पाणी जिथे संपले, तिथूनच पुढची पाळी सुरू करायची, असा पूर्वापार नियम आहे. माझ्या लहानपणी पाट सोडणारा पाटकरी, पाणी थांबले त्या बांधावर निंबाची डहाळी खोचून ठेवी. ती वाळून काडी झाली तरी उपटण्याची कोणाची छाती नव्हती. पुढे संगणक आला. ज्याची पाळी, त्याच्या मोबाइलवर आदल्या दिवशी संदेश येऊ लागला आणि डहाळी गेली.

शेवटचे शेत माझ्या चुलतभावाचे, म्हणजे नानांचे. हंगामाच्या पहिल्या पाळीत त्यांच्या बांधाशी येऊन पाणी संपले. दुसरी पाळी त्यांच्यापासून सुरू व्हायला हवी होती. ती पुन्हा पहिल्या शेतापासून सुरू झाली आणि पुन्हा त्यांच्याच बांधाशी संपली. पहिल्या शेतांतून कोणाचीही तक्रार आली नाही, हेही नोंदवतो. तिसरी पाळी तोंडावर आली, तेव्हा एका रविवारी सकाळी नाना धुळ्याला आले. उपरण्यात बांधून आणलेली गव्हाची मूठभर पिवळी रोपे त्यांनी माझ्या टेबलावर सोडली. मी अध्यक्षांना लिहिलेले पत्र त्यांना वाचून दाखवू लागलो. चौथ्या पानावर त्यांनी हात वर केला.

“भाऊ, तुना कायदाले पानी लागत नही. मना गहूले लागस.”

सून जळगावच्या एका कंपनीत नोकरी करते आणि सुट्टीला धुळ्याला येते. मंडळाचे हे काम तिने हौसेने अंगावर घेतले होते. भाषा तिने का बदलली, याची उलटतपासणी मी पूर्वीच घेतली होती. ह्या नव्या क्लाउडवर कोणी विचारणारे नसेल तेव्हा प्रोग्रॅमला झोपवून ठेवतात, म्हणजे भाडे वाढत नाही. विचारणा आली की उठवतात. पूर्वी तिथे मोजक्याच भाषा चालत, आता पुष्कळ चालतात; त्यांतली चटकन उठणारी भाषा तिने निवडली. मला तिचे कारण पटले होते.

त्या रविवारी ती घरीच होती; तिने लॅपटॉप उघडला. जुन्या भाषेतला मूळ प्रोग्रॅम तिने त्याच क्लाउडवर नव्याच्या शेजारी चढवून ठेवला होता.

“आबा, दोघांना वेगवेगळं तपासू. एकमेकांची साक्ष ऐकायला नको.”

तिने दोघांनाही मागची पाळी सांगितली आणि पुढची कोणापासून, असे विचारले. दोघांनी नानांचे नाव दिले. मग तिने लॅपटॉप तसाच ठेवून चहा टाकला. चहा कपात येईपर्यंत दोन्ही प्रोग्रॅम झोपी गेले होते. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. दोघांनीही पहिले शेत सांगितले.

नाना म्हणाले, दोन्ही खोटे बोलतात, एकाच वकिलाने पढवलेले दिसतात.

“खोटं नाही, नाना. त्यांना आठवतच नाही.”

जुना संगणक कार्यालयात अखंड चालू असे, म्हणून पाणी कुठे थांबले ते त्याच्या स्मरणात राही. इथे झोपलेल्या प्रोग्रॅमचे स्मरण पुसले जाते. उठतो तो नवा जन्म, मग भाषा कोणतीही असो. तिने मूळ प्रोग्रॅमची शब्दशः खरी नक्कल नव्या भाषेत उतरवली होती, आणि मुळातच खूण बाहेर ठेवण्याची सोय नव्हती.

“चूक माझीच आहे आबा,” ती म्हणाली, “पण फलकावर लिहिलीय ती नाही.”

झोपतो तेव्हा तो असतो कुठे, असे मी विचारले. कुठेच नसतो, म्हणाली. मी तिला डहाळीची हकीकत सांगितली. तिची बोटे थांबली. ती हसली. तिने दोन्ही प्रोग्रॅमना थोड्या ओळी जोडल्या: पाणी थांबले की त्या शेताची नोंद वेगळ्या जागी ठेवायची, जिथे झोप नाही; आणि उठल्याबरोबर आधी ती वाचायची. मागची पाळी पुन्हा सांगून दोघांना झोपू दिले. पुन्हा विचारले. दोघांनी नानांचे नाव सांगितले. मग तिने खऱ्या पाळीचा संदेश सोडायला लावला, आणि नानांच्या खिशातला फोन वाजला: उद्या तुमची पाळी.

नाना उठले. चहा अर्धा टाकून बस गाठायला गेले. मी मात्र बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. माझ्या आयुष्यात किती पाटकरी बदलले; काही मेले, काही सुरतेला गेले. नवा येई, त्याला आधीचे काही ठाऊक नसे. तो बांधाबांधाने चालत जाई आणि डहाळी शोधी. आता कोणत्या गावच्या कोणत्या यंत्रात, मला ठाऊक नाही, काहीच नसलेले काही तरी हाक मारताच उभे राहते, खूण शोधते, आणि आमच्या नानांपाशी येऊन थांबते. मी नास्तिक आहे. तरी लॅपटॉपकडे पाय करून बसलो होतो तो मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी गावी जाऊन नानांच्या बांधावर उभा राहिलो. पाणी सरीत शिरताना माती आवाज करते, तो ऐकला. वरच्या अंगाचा गहू सावरेल. खालच्या कोपऱ्यातला गेला.

फलकावरचे वाक्य अजून पुसलेले नाही. उलट प्रोग्रॅम जुन्या भाषेत परत न्यावा, असा ठराव अध्यक्ष पुढच्या सभेत मांडणार आहेत. तेव्हा माझी मागणी आहे: अध्यक्षांनी त्या सभेत, नानांना समोर बसवून, ध्वनिक्षेपकावर उत्तर द्यावे. भाषेला दोषी ठरवण्यापूर्वी, पाणी थांबल्याची खूण कुठे ठेवली आहे, हे त्यांनी कोणाला विचारले होते? उत्तर मला पत्राने नको. सर्वांना ऐकू येईल असे हवे.