पटावर हजर, वर्गाबाहेर

अन्याय झाला तो संगीताकाकूंवर आणि त्यांच्या आठ वर्षांच्या लेकीवर, दीक्षावर. कधी झाला तेही सांगते. गेल्या वर्षी शाळा उघडल्याच्या तिसऱ्या दिवशी, परिपाठ संपल्यावर, पहिल्या तासाची हजेरी सुरू व्हायच्या आधी. बाभुळगावजवळच्या आमच्या गावातल्या शाळेच्या मोठ्या गुरुजींनी दीक्षाला दंडाला धरून वर्गाबाहेर आणलं आणि काकूंना सांगितलं, "घरी न्या हिला. हिच्यामुळे बाकीची पोरं बिघडतात." वर्ष सरलं, आणि आता महिन्यापूर्वी काकू तापानं गेल्या. फोन आला तेव्हा मी यवतमाळला छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत होते. पत्रक दीक्षाला वर्गात बसू द्या, याच मागणीचं होतं...

काकू आमच्या शेजारच्या. दीक्षा स्वमग्न आहे, हे त्यांना यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं. गावात त्यासाठी 'येडी' हा एकच शब्द होता. काकूंनी तो घरोघर जाऊन खोडला. "येडी नाय वं, स्वमग्न हाय," असं पाणी भरता भरता कुणालाही ऐकवायच्या. शाळेची घंटा झाली की दीक्षा कान दाबून गोल गोल फिरायची, तोंडानं एकच सूर काढायची. गुरुजींची तक्रार एवढीच. काकू म्हणायच्या, "घंटीनं तिचं डोस्कं उठते. सासू होती तवा माहं नव्हतं का तिच्या आवाजानं उठत? मले काढलं काय कोणी घराबाहेर?" आणि स्वतःच हसायच्या. त्या दिवशी त्या घरी गेल्या नाहीत. वर्गाच्या खिडकीबाहेर कडुनिंबाखाली दीक्षाला घेऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही बसल्या. कापूस वेचणीचे दिवस आले तरी सकाळची मजुरी सोडून बसतच राहिल्या.

मग गुरुजींनी कागद आणला. सही केली की दीक्षासाठी खास मॅडम येतील, म्हणाले. काकू तो घेऊन माझ्याकडे आल्या. "तू शिकेल पोरगी, पाह्य बरं." मी पाहिलं. 'विशेष शिक्षक' हे दोन शब्द दिसले आणि मी म्हणाले, करा सही. मागची बाजू मी उलटली नाही. मुलीला शाळेऐवजी घरीच शिकवावं अशी पालकाची स्वतःची विनंती आहे, असं मागे छापलं होतं. न वाचता सही करू नका, हे मी प्रत्येक पत्रकात लिहिते! मॅडम दोनदा आल्या, रंगवायचं पुस्तक देऊन गेल्या. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात तक्रार घेऊन गेलो तर साहेबांनी तोच कागद पुढे सरकवला. "मागणी तुमचीच आहे ना?" परतताना ऑटोत काकूंनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. "जाऊ दे वं. तुले बी फसवलं त्याईनं, मंग माहं काय?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताप आला तेव्हा काका पुण्याकडे बांधकामावर होते. काकूंनी चार दिवस अंगावर काढला. माझी आई दवाखान्यात चला म्हणाली, तर त्यांचं एकच, "भरती झाली तं हिले कुठी ठेवू? तुमच्याजवळ बी नाय राहत ते..." शाळेनं मारलं असं मी लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. उशीर कशामुळे झाला, हे मी विचारते आहे. दहा ते पाच उघड्या असलेल्या त्या इमारतीत या मुलीची सवयीची एक जागा असती, तर तिची आई पहिल्याच दिवशी दवाखान्यात गेली असती.

काकूंच्या पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला गुरुजी हार घेऊन आले. 'आदर्श माता' म्हणून बोलले. माझ्या हातात माईक कुणी दिला नाही. मग सगळे शांत उभे राहिले आणि त्या शांततेत दीक्षा बोलू लागली. "आरती... काजल... कोमल..." आवाज गुरुजींचा, नाकातला, हुबेहूब. वर्षभर खिडकीबाहेर बसून मुलींची अख्खी हजेरी तिला पाठ झाली होती. "दीक्षा," ती म्हणाली, आणि मग स्वतःच्या बारीक आवाजात, "हजर." पुढं पुन्हा गुरुजींच्या आवाजात, "निकिता..." कुणी हसलं नाही. गुरुजी चष्मा पुसत राहिले. नंतर मी शाळेत जाऊन हजेरीपट पाहिला. दीक्षाच्या नावापुढे वर्षभर हजेरी लागली आहे. वर्गात तिला बाक नाही.

काका आता तिला कुठल्या तरी लांबच्या वसतिगृहात टाकायचं म्हणताहेत. कामावर परतायचं तर दुसरं काय करतील बिचारे?

म्हणून हे वाचून हळहळू नका. उद्या तुमच्या गावच्या शाळेत जा. हजेरीपट मागा. पटावर हजर असलेलं पण वर्गात कधीच न दिसणारं मूल कोणतं, ते विचारा. त्याच्या घरी जा, त्याच्या आईबापाला घेऊन वर्गात या, तुमच्या मुलाला सरकायला सांगा आणि त्याला तिथे बसवा. ते बसेपर्यंत वर्गातून हलू नका.